गिटारचा म्हणून विकलेला पट्टा

९ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. धंदा करणाऱ्या माणसाने लिहून ठेवावं.

बायको, आर्डिथ, ईरी शहरात तिच्या बहिणीकडे, विनीकडे गेलीय. विनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणजे होतं, उन्हाळ्यात. विनी आता नाचाच्या क्लासला जाते असं कळलं. पण गुडघ्याचा भरवसा नसतो.

जाताना आर्डिथ म्हणाली, व्हर्लिन, तू रिटायर झाल्यापासून मी गॅरेजच्या दाराशी बोलतेय, आणि दार तुझ्यापेक्षा बरं ऐकतं. गमतीत म्हणाली. मी आत करतो काय, हा तिचा खरा प्रश्न. उत्तर तयार आहे: रायफल खांद्याला अडकवायचे चामडी पट्टे. हाताने शिवलेले, वर हरणाचं डोकं कोरलेलं. इंटरनेटच्या बाजारात दुकान टाकायचं. हरणांच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरअखेर उघडतो, त्याआधी धंदा जोरात. ते पाहिलं की आर्डिथ परत येईल. न येऊन सांगते कुणाला!

११ ऑक्टोबर

दुकान उघडलं. नाव आमच्या आडनावावरून, ‘हॉस्टेटर अँड वाइफ’. वाइफला अजून सांगितलेलं नाही. सगळे पट्टे चढवले, मग जेवायला बसलो.

जेवून येतो तर बाजारवाल्यांनी सगळे काढलेले. बंदुकीला लागणारं सामान इथे विकता येत नाही म्हणे. मी बंदूक कुठे विकतोय? चामडं विकतोय. पट्ट्यातून गोळी सुटत नाही. तसं खरमरीत लिहून कळवलं. लगेच उत्तर आलं, आधीचंच, शब्दन् शब्द तेच. समोरचा माणूस निरुत्तर झालेला दिसतो.

१६ ऑक्टोबर

शेजारचा क्लीट म्हणाला, अरे खुळ्या, माणूस कसला, मशीन वाचतं ते. ‘रायफल’ शब्द काढ, गिटारचा पट्टा म्हण. गिटारही खांद्यालाच अडकवतात ना?

खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. पण पट्टा तो पट्टा. ‘गिटारचा पट्टा, अस्सल चामडं’ म्हणून एक चढवला. काढला. कारण फोटो. पट्टा अडकवायला या घरात रायफलशिवाय आहे काय?

१७ ऑक्टोबर

क्लीटचा बँजो आणला. फोटो झकास. पण वर्णनात सवयीने लिहिलं, ‘दिवसभर मचाणावर बसलं तरी खांदा दुखत नाही.’ काढला.

२२ ऑक्टोबर, रविवार

मचाणाचं वाक्य गाळलं आणि पट्टा टिकला! आर्डिथचा फोन आला तेव्हा सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, जेवलास का? मी म्हटलं, मशीनला फक्त शब्द कळतात, गंमत बघ. ती म्हणाली, मी काय विचारलं ते ऐकलंस का तू? लाइन खराब असावी. मग म्हणाली, ठेवते. छाप पडली.

२ नोव्हेंबर

ऑर्डर! टोलेडो शहरातला कुणी टोबायस. वादक. पट्टा कागदात गुंडाळला, वर दोन चॉकलेटं ठेवली. पोस्टातल्या बाईंना सांगितलं, आता माझं येणंजाणं वाढणार. त्या म्हणाल्या, या की.

आर्डिथला फोन केला, तिने उचलला नाही. निरोप ठेवला. मध्येच तुटला, म्हणून दुसरा ठेवला. मग तिसरा.

८ नोव्हेंबर

टोबायसने विचारलंय: पट्ट्याच्या टोकांना या पोलादी कड्या आहेत, त्या गिटारला कुठे लावायच्या? नक्की कुठल्या गिटारसाठी आहे हा?

गॅरेजमध्ये फेऱ्या मारल्या. थाप मारता आली असती. पण माणूस माझ्या कामाची चौकशी करत होता. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. खरं ते लिहिलं. कुठल्या रायफलला बसतो, कडी कशी फिरते, पावसात तेल कसं लावायचं. मग जंगलातल्या आमच्या झोपडीचं लिहिलं. दर मोसमाला आम्ही चौघे जमायचो. दोघे वारले, एक फ्लोरिडाला गेला, त्याला आता थंडी सोसत नाही. सगळं लिहून फार बरं वाटलं.

टोबायसचं उत्तर: ‘ओके.’ मोजकं बोलणारा माणूस.

९ नोव्हेंबर

खातं थांबवलं! मशीन पत्रंसुद्धा वाचतं. असो. अपील केलंय. यावेळी स्पष्ट लिहून आलंय की प्रकरण माणूस तपासेल, दोन-तीन आठवडे लागतील. माणूस! माणसाशी माझं नेहमीच जमतं.

१५ नोव्हेंबर

आर्डिथने आपणहून फोन केला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ईरीला ये म्हणाली. विनीही म्हणतेय. मी म्हटलं, त्याच सुमारास निकाल लागेल, तो घेऊनच येतो, रिकाम्या हाताने कसा येऊ? ती म्हणाली, अरे रिकाम्या हातानेच ये म्हणतेय ना! नुसता ये. तो पट्टा नको, अपील नको, तू ये. मी म्हटलं, त्या माणसाने नेमका तेव्हाच फोन केला तर? वाटेत रेंज नसते. निकाल लागला की मीच तुला घ्यायला येतो, मग दोघं मिळून दुकान बघू.

ती म्हणाली, बरं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, बरं, व्हर्लिन. म्हणजे पटलं.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

निकाल नाही. त्या माणसालाही आज सुट्टी असणारच, लक्षात यायला हवं होतं.

पेट्रोल पंपावरून टर्कीचं सँडविच आणलं. क्लीट बायकोने केलेली भोपळ्याची गोड पेस्ट्री देऊन गेला. दारातच म्हणाला, तू ईरीला नाही गेलास? काय माणूस आहेस रे! मी त्याला अपिलाचे मुद्दे समजावून सांगितले. त्याची मंडळी गाडीत बसली होती, हॉर्न वाजला तसा तो गेला.

आर्डिथला फोन लावला. विनीने उचलला. मागे खूप माणसं हसत होती. म्हणाली, ती टर्की कापतेय, नंतर करेल. फोन जवळ घेऊन बसलो.

घर फार मोठं वाटतंय आज. आर्डिथची आठवण येते. धंद्याशी संबंध नाही, तरी लिहून ठेवतो.

२५ नोव्हेंबर

मोसम उघडला. पहाटेपासून डोंगरावर बार ऐकू येतायत. मी गेलो नाही, निकाल कधीही येईल. रायफल मात्र पुसून ठेवली.

२८ नोव्हेंबर

निकाल आला. खातं कायमचं बंद. निर्णय अंतिम. खाली कुणाचं नाव नाही. पण भाषेत कुठेतरी दिलगिरी जाणवते. निदान माणसाने वाचलं.

३ डिसेंबर, रविवार

दुकान नसलं तरी बाजार नुसता बघता येतो. बघत बसलो होतो. बायकांचा शिकारीचा कोट, नारिंगी, मीडियम. विक्रेती: आर्डिथ, ईरी.

लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला मीच दिला होता. एकदाच आली माझ्याबरोबर. तासभर मचाणावर अगदी शहाण्यासारखी बसली, आणि समोर हरणाचा नर आला तेव्हा शिंकली. तो पळाला. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना, आणि दोघंही खाली पडतापडता वाचलो. जाहिरातीत लिहिलंय, ‘एकदाच घातलेला. आता गरज नाही.’ कोट विकायला बाजारवाल्यांची काही हरकत नाही. कोट चालतो.

‘विकत घ्या’ दाबलं. उत्तर आलं: तुमचं खातं बंद आहे, खरेदी करता येणार नाही. विक्रेत्याला निरोप पाठवायचं बटण दाबलं. तेही बंद.

फोन करता आला असता. टेबलावरच होता. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो, पण ‘तू ये’ म्हणाली तेव्हा गेलो नाही, आता काय बोलू ते सुचेना.

दुपारी पुन्हा पाहिलं. कोट विकला गेला होता.