दवाखान्याच्या लाइनवरचा ज्ञानवर्ग

१ एप्रिल १९९१, सोमवार

मुंबईहून पत्रद्वारा शिक्षण संस्थेचं पार्सल आलं. पाच पुस्तिका. आरोग्य, मानसशास्त्र, व्यवसाय, चित्रपट, समाज. एवढं कळलं की माणसाला आणखी काय कळायचं राहतं? पाचही वाचून काढल्या. म्हणजे मुखपृष्ठं नीट पाहिली.

आठ नियमित विद्यार्थी दाखवले तर सिल्वासाचं अभ्यासकेंद्र आमच्या घरी. दाराला पाटी. मी केंद्रप्रमुख. दर आठवड्याला घरात माणसं. सायली लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून हॉलमध्ये सोफा आणि मी दोघंच असतो, आणि दोघंही मधोमध खचलो आहोत.

हे वीज खात्यातून उशिरा आले. म्हणाले, आधी तू शीक, मग शिकव. नाशिकच्या आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अगाथा नेमकं उलट सांगायच्या. शिकवता शिकवता येतं म्हणायच्या. त्या भूगोल शिकवायच्या आणि शाळेच्या आवारात रस्ता चुकायच्या. गोड बाई.

४ एप्रिल, गुरुवार

पहिला वर्ग. तुफान यश!

टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीला ज्ञानाची एवढी तहान असेल असं वाटलं नव्हतं. कॉलनीत नवी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसवताहेत, त्यामुळे मे संपेपर्यंत दर गुरुवारी दोन ते पाच लाइट बंद. आमचं क्वार्टर कडेचं, दवाखान्याच्या लाइनवर, म्हणून आमचा पंखा तेवढा चालू. दोनला लाइट गेली आणि सव्वादोनच्या आत अकरा बायका हजर! असा वक्तशीरपणा कॉन्व्हेंटमध्येही नव्हता. सोबत मुलं, निवडायची मेथी, आणि समोरच्या प्रमिलाच्या काखेत उशी. उशीचं विचारलं नाही. पाठीचं दुखणं असेल. विषय आरोग्यच होता.

साखर कशी घातक, यावर पाऊण तास बोलले. मग सरबत केलं. घरातली साखर संपली.

संकल्प: उद्यापासून मी साखर बंद.

५ एप्रिल

बिनसाखरेचा चहा. माणसाने असं जगू नये. सोमवारपासून.

११ एप्रिल, गुरुवार

मानसशास्त्र. आज प्रत्यक्ष निरीक्षणं केली.

एक: पुढच्या रांगेसाठी भांडण. प्रमिला उषाला म्हणाली, सरक ना बाई, तू काय सगळी हवा एकटीच खाऊ राहिली? (उषा म्हणजे डाव्या हाताची शेजारीण, तान्ह्या मुलाची आई.) मी टेबल खिडकीकडे हलवलं तर पुढची रांग मागेच राहिली, बरोबर पंख्याखाली. याला अहंकार म्हणतात. पान बारा.

दोन: प्रमिला डोळे मिटून ऐकते. नवरा धाग्याच्या कारखान्यात रात्रपाळीला, धुळ्याकडची साधी बाई, पण एकाग्रता अशी की तोंड किंचित उघडं राहतं. लक्ष पूर्ण एकाग्र झालं की डोळे आपोआप मिटतात. हे पुस्तिकेत नाही, माझं स्वतःचं संशोधन आहे. लिहून ठेवते.

घरी जाताना प्रमिला म्हणाली, काकू, तुमच्याकडं आलं की जीवाला लई बरं वाटतं. मंग पुढच्या गुरुवारी बी ठेवताय ना? डोळे भरून आले. माझे.

१८ एप्रिल, गुरुवार

व्यवसाय. मागणी आणि पुरवठा.

आज चौदा. शैलजाही आली. ती रत्नागिरीची, शाळेत मास्तरीण, कुणाच्या घरी पाय ठेवायचा म्हणजे उपकार. शेवटपर्यंत बसली आणि दारात म्हणाली, उषावहिनींकडची गर्दी आणि तुमची गर्दी यात फरक आहे हो मालतीवहिनी. त्या घरी पापड विकतात म्हणून कळतं तरी लोक कशाला येतात. तुमचा माल खपतोय छान, पण कुठला माल खपतोय तो एकदा वर मान करून बघा.

वर मान करून पाहिलं. पंखा होता. जाळी लागली होती कडेला. शैलजाचं लक्ष नको तिथे जातं. हेवा. पंखा पुसून घेतला.

२५ एप्रिल, गुरुवार

चित्रपट.

व्हीसीआर नाही, त्यामुळे लहानपणी पाहिलेल्या एका सिनेमाची गोष्ट सांगितली. वातावरणनिर्मितीसाठी पडदे ओढून अंधार केला. परिणाम जबरदस्त. नायिका घर सोडून निघते तिथे सगळ्या इतक्या हेलावल्या की एकीच्याही तोंडून शब्द नाही. कुठून तरी घरघर ऐकू येत होती. पंख्याला तेल हवं.

पाचला लाइट आली तशा एकदम उठल्या. गोष्टीचा शेवट राहिला. मलाही आठवत नव्हता.

२७ एप्रिल, शनिवार

पत्र आलं! संस्थेचे रमाकांत सर येत्या गुरुवारी तपासणीला येणार. अडीच वाजता. विषय समाज. आठ विद्यार्थी डोळ्यांनी पाहिले की पाटी मंजूर.

आठच? मी चौदा दाखवीन. पाटी कुठे ठोकायची ते पेन्सिलने दारावर आखलं.

रात्री यांना सांगितलं. किती वाजता म्हणालीस, दोननंतर? म्हणाले, आणि जेवता जेवता बोटांवर दिवस मोजू लागले. यांना कौतुक दाखवता येत नाही.

१ मे, बुधवार

हे चार दिवस उन्हात आहेत. दुपारी जेवायला नाहीत, रात्री मान भाजलेली. वरची साहेबमंडळी ओरडतात तेव्हा हलत नाहीत आणि आता हे काय अंगात आलं कुणास ठाऊक. मानेला कोरफड लावली. माझ्या इतक्या महत्त्वाच्या आठवड्यात यांनी आजारी पडणं बरं दिसत नाही.

झोपताना लाजत म्हणाले, तुझ्यासाठी एक गंमत केली आहे. पाटी असणार.

२ मे, गुरुवार

दुपारी १.३०. बत्तीस बटाटेवडे तळले. ठेवणीतली सुती साडी. हे अर्धा दिवस रजा टाकून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत.

२.००. लाइट गेली नाही.

२.०५. अजून गेली नाही. हे घड्याळ बघून गालात हसताहेत. म्हणाले, नवी डीपी काल रात्री सुरू केली. मे अखेरचं काम आत्ताच संपवलं. तुझे साहेब येणार, बायका घामाने भिजून याव्यात हे बरं दिसलं नसतं. आता सगळ्यांकडे पंखे चालू!

२.२०. कुणी नाही. लग्नाचे दिवस आहेत.

२.३०. रमाकांत सर वापीहून रिक्षाने आले. धुळीने भरलेले, सभ्य. म्हणाले, मालतीताई, विद्यार्थी?

खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर प्रमिलाच्या घरात पंखा गरगर फिरत होता आणि खाली ती हातपाय पसरून. केवढी एकाग्रता. उषाकडे पाळणा, रेडिओ, पंखा. ओळीने सगळ्या खिडक्यांत पंखे.

हे माझ्याकडे बघत होते. बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखे. मानेची साल निघालेली. मी म्हटलं, छान काम केलंत हो.

२.५०. सरांनी दुसरा वडा संपवला आणि घड्याळ पाहिलं. तेव्हा हे उठले, सतरंजीवर जाऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, हजर, मॅडम. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस!

सर हसले नाहीत. चांगला माणूस. त्यांनी रीतसर प्रश्न विचारला, विश्वनाथराव, समाज म्हणजे काय?

यांनी विचार केला. म्हणाले, एका डीपीवर जेवढी घरं, तेवढा.

सर म्हणाले, उत्तर बरोबर धरतो, पण विद्यार्थी एकच धरावा लागेल.

उरलेले वडे त्यांना डब्यात दिले.

३ मे, शुक्रवार

पेन्सिलची रेघ खोडरबराने जात नाही. हे म्हणाले, राहू दे.

मी यांना काही सांगितलेलं नाही. लग्नाचे दिवस होते, एवढंच.

संकल्प: अभ्यास मात्र चालू ठेवायचा. व्यक्तिगत पातळीवर.

९ मे, गुरुवार

दोन वाजता लाइट गेली. एकट्या आमची. आता दवाखान्याच्या लाइनचं काम काढलंय. दवाखान्याला जनरेटर आहे, आम्हाला नाही. यांनीच काढलंय, आणि हे सकाळी सांगायला विसरले.

अर्धा तास पुठ्ठ्याने वारा घेतला. मग मानसशास्त्राची पुस्तिका घेऊन समोर प्रमिलाकडे गेले. तिला म्हटलं, तुझं राहिलेलं प्रकरण पूर्ण करू. ती म्हणाली, करू ना काकू. आधी पंख्याखाली या, पडा घटकाभर. उशी देऊ का?

मी म्हटलं, छे, मी अभ्यासाला आले आहे.

पाचला जाग आली. पुस्तिका डोक्याखाली होती. उषा, शैलजा, सगळ्या दारात उभ्या राहून बघत होत्या. शैलजा म्हणाली, वहिनी, कुठलं पान?

बारावं, म्हटलं.

लक्ष पूर्ण एकाग्र झालं की डोळे आपोआप मिटतात. ११ एप्रिललाच लिहून ठेवलं आहे.