मनोरमा गाडीत बसणार

२ डिसेंबर २००२, सोमवार
थंडी सुरू. आजपासून रोज पहाटे गाडी काढायची, असा निश्चय. वय एकोणसत्तर, पण हात स्टिअरिंगवर आले की चाळिशीचे. मनोरमा मात्र दिवाळीपासून गाडीत बसत नाही. कारण काय, तर मी गाडी केळीत घातली. तीन झाडं आडवी. झाडं रस्त्याच्या फार जवळ लावली होती, हे कोणी बघत नाही. तिचं म्हणणं, आधी डोळे तपासा, मग बसते. अडतीस वर्षं, आधी स्कूटरवर माझ्यामागे आणि मग गाडीत शेजारी बसलेली बायको आता गुडघे धरून रिक्षाने डॉक्टरकडे जाते. गावभर लाज. लाजेपेक्षा वाईट जास्त वाटतं. नाताळच्या आत तिला गाडीत बसवणार.

५ डिसेंबर
पेपरात लेख. थंडीत गाडी चालवताना ज्येष्ठांनी घ्यायची काळजी. दहा नियम. मी काही ज्येष्ठांत मोडत नाही, तरी कापून डॅशबोर्डवर चिकटवला. कोर्टात शिरस्तेदार होतो, नियम म्हटला की अक्षर न् अक्षर पाळणार. नियम पहिला: उबदार कपडे. स्वेटर, मफलर, माकडटोपी, हातमोजे घातले. मनोरमाने विचारलं, काश्मीरला निघालात का?

६ डिसेंबर, सकाळी ७
हातमोज्यांत किल्ली फिरेना. काढले. टोपीमुळे मागच्या दूधवाल्याचा हॉर्न ऐकू आला नाही. नंतर तो जे बोलला ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

११ डिसेंबर
यंदा धुकं फार. सकाळी नऊलाही होतं. दुपारी जेवताना खिडकीतून पाहिलं, वाडीत अजून होतंच. मनोरमा म्हणते, लख्ख ऊन पडलंय. तिचेच डोळे तपासायला हवेत. बोललो नाही. चारचा चहा मिळाला नसता.

१५ डिसेंबर
नियम चौथा: काच आतून-बाहेरून पुसा. पाच वेळा पुसली. कंपनीची काचच मुळात धूसर असावी.
पुण्याहून कौस्तुभचा फोन. आईने मुलाचे कान आधीच भरलेले. म्हणाला, बाबा, डोळे दाखवा, नाहीतर आलो की किल्ली घेऊन जाईन. पंचवीसला पहाटे एसटीने वसईला उतरतोय. मी म्हटलं, न्यायला येतो. तो म्हणाला, नको. म्हणजे बापाला त्रास नको म्हणून.
मनोरमाला विचारलं, त्याला सुखरूप घरी आणला तर बसशील? ती म्हणाली, आणा आधी. म्हणजे हो.

२४ डिसेंबर
पेट्रोल, हवा, पाणी सगळं बघितलं. दहाही नियम पाठ. उद्या सगळ्यांची तोंडं बंद.

२५ डिसेंबर, सकाळी ११
सविस्तर लिहितो, कारण माझी बाजू कोणी ऐकून घेणार नाही.
साडेपाचला निघालो. अर्ध्या वाटेवर काही दिसेना. नियम सहावा: धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चला. नियम सातवा: ओव्हरटेक करू नका. तेवढ्यात लाल दिवा दिसला. धरला. जवळ गेलो तर पुढची गाडी उभी. टेम्पो असावा, दिवा उंचावर होता. मीही थांबलो. पाच मिनिटं. दहा. सणाचा दिवस, ट्रॅफिक असणार. पंधराव्या मिनिटाला मी एक सभ्य हॉर्न दिला. मग दुसरा. तिसरा तितका सभ्य नव्हता.
कोणीतरी काच ठोठावली. बाजारात भाजी विकते ती रेजिना. म्हणाली, रामभाऊ, अंगनात येऊन कोनाला बोलावताय? म्हटलं, आधी त्या टेम्पोवाल्याला पुढे घ्यायला सांग. ती म्हणाली, टेम्पो कुठला? आमचा नाताळचा तारा हाय तो, पडवीला टांगलाय.
रस्ता वळणावर डावीकडे गेला होता. मी सरळ तिच्या अंगणात.
उतरलो. बंपरपासून दोन हातांवर खुर्चीत तिची सासू मार्था बसली होती. पांढरी साडी नेसून, चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जायला तयार. मला दिसलीच नव्हती. ती मलाच म्हणाली, हॅपी ख्रिसमस. मी मफलर पुन्हा आवळून बांधला. थंडी होतीच.
रेजिनाने चहा आणि नाताळच्या गोड तळलेल्या फुग्या दिल्या. इतक्यात कौस्तुभची रिक्षा फाटकाशी थांबली. घरी जाताना रस्त्यावरून गाडी ओळखली म्हणे. त्याने हात पुढे केला. किल्ली दिली. घरापर्यंत मागच्या सीटवर बसलो.
ताऱ्यांना लाल कागद लावू नये, असा काहीतरी नियम हवा.

३० डिसेंबर
डोळे दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टरांच्या मते यंदा वसईत धुकं फारसं पडलंच नाही.

४ जानेवारी २००३, शनिवार
किल्ली पुण्याला गेली. गाडी अंगणात उभी.
दुपारी मनोरमा आपणहून गाडीत येऊन बसली. पुढच्या सीटवर, मांडीवर वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप. आत ऊब छान असते म्हणाली. मी स्टिअरिंगपाशी बसलो, शेंगा सोलू लागलो. अर्ध्या शेंगा झाल्यावर म्हणाली, तुमचं काय होईल याची भीती होतीच. पण तुमच्या हातून कुणाचं काही झालं असतं, तर तुम्ही जगला नसतात. मी पुढची शेंग घेतली. मार्थाचं स्वप्न दोनदा पडलं, हे तिला सांगितलेलं नाही.
पाऊण तास बसलो. उतरताना तिने विचारलं, सोमवारी तिचे गुडघे आणि माझे डोळे दाखवायला रिक्षा किती वाजता बोलवायची?
नऊला, म्हटलं. एकच बोलव.