छतातली गळती आणि माझा कायदेशीर लढा

४ फेब्रुवारी
स्वयंपाकघराचं छत गळतंय. पिवळा डाग, बुरशी, कुबट वास. आज थेंब थेट चहात. शिसारी आली. वरच्या मजल्यावरच्या मावशी (रिटायर्ड नर्स, एकट्याच) म्हणतात, त्यांचं बाथरूम कोरडं आहे. कोर्टात जायचं ठरवलं. वकील नको, वाचता मलाही येतं. बायको म्हणाली, आधी प्लंबर बोलवा. हिची झेप एवढीच.

९ फेब्रुवारी
राज्यघटना वाचायला घेतली. उद्देशिका पाठ. पुढे डोळा लागला. पण गाभा कळला.

२० फेब्रुवारी
कारकुनाने दावा परत केला. पानाला समास कमी, प्रतिज्ञापत्र नाही. घटनेत समासाबद्दल चकार शब्द नाही, हे त्याला ऐकवलं. म्हणाला, कोर्टाचे नियम वेगळे असतात साहेब. कोर्टाच्या जिन्यालाही आमच्या छताचाच वास. वीट आला.

६ मार्च
दुरुस्त करून पुन्हा दिलेल्या दाव्यावर तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. पुढच्या तारखेपर्यंत मावशींनी बाथरूम वापरायचं नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, तुमचा त्रास थांबणार असेल तर राहू दे. कबुलीच की ही.

१५ मार्च
छत गळतंयच. म्हणजे बाई चोरून आंघोळ करतात. न्यायालयाचा उघड अवमान. बायको म्हणते, त्या रोज पिशवीत कपडे भरून बहिणीकडे आंघोळीला जातात. मी म्हणालो, नाटक आहे. ती मावशींना डबा द्यायला वर निघून गेली. कायदा समजणारा माणूस घरात एकटा पडतो.

२ एप्रिल
अवमानाच्या अर्जावर सुनावणी. न्यायाधीशबाईंनी मला उद्देशिकेच्या दुसऱ्याच ओळीवर थांबवलं. पाणी नेमकं कुठून येतं ते पाहिलंत का, म्हणाल्या. मी म्हणालो, तो तांत्रिक मुद्दा झाला. उद्या कोर्टाचा माणूस प्लंबर घेऊन येणार. येऊ दे. तोंडावर आपटतील.

३ एप्रिल
प्लंबरने पीओपी फोडलं. मागून आमच्याच गीझरचा पाइप जातो. तोच फुटलाय.

कोर्टाच्या माणसाला एक कलम सांगायला गेलो. तो बूट घालत होता.

बायको म्हणाली, वर जाऊन सांगून या. गेलो. मावशी नुकत्याच बहिणीकडून आल्या होत्या. केस ओले, चप्पल अजून पायात. जिन्यात बरीच वाक्यं जुळवली होती. पाइप आमचा होता, एवढंच बोललो.

त्यांनी विचारलं, "मग आता मी घरी आंघोळ केली तर चालेल ना?"

हो म्हणालो.