दादाचं औषध, माझी अंडी

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे लोक विचारतील, शोध कधी लागला? तर आज. दादाला आतड्याचा कॅन्सर. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटवून घेते. मी शोधलेल्या झाडाच्या पानांचा अर्क त्या वाहिन्याच थांबवणार. गाठ उपाशी, दादा बरा. इतकं सोपं!

४ मार्च
वहिनींचा फोन. उद्या दादाची केमो, सोबत बसायला याल का, म्हणाल्या. लॅब सोडून कसं चालेल? आणि नुसतं बसून कोणी बरं होतं का?
कोंबडीची फलित अंडी आली. कवचाला खिडकी पाडली की आत रक्तवाहिन्यांचं लाल जाळं दिसतं. बरीच फुटली. हल्ली कवचं पातळ येतात.

९ मार्च
अल्कोहोलमध्ये विरघळवलेला अर्क थेंबथेंब टाकला. काही अंड्यांत नुसतं अल्कोहोल टाकून तुलनेला ठेवतात. कंट्रोल. मी ठेवली नाहीत. ज्यांचा स्वतःवर भरवसा नाही, त्यांची ती कामं. शिवाय अंडी उरली नव्हती.

११ मार्च, सकाळी
जाळं गायब!! उगाच जिना चढलो, उतरलो. दादाला फोन करून टाकला, औषध सापडलं. तो म्हणाला, वा! मग म्हणाला, पुढच्या गुरुवारी येतोयस का? म्हटलं, आता तर अजिबात वेळ नाही.

१२ मार्च
लॅबच्या प्रमुख मॅडमनी एवढंच विचारलं, कंट्रोल कुठाय? काहींना दुसऱ्याचं यश बघवत नाही. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, बाजारात तुरी! दुर्लक्ष केलं. नवी अंडी मागवली.

१७ मार्च
नुसतं अल्कोहोल टाकलेल्या अंड्यांतलंही जाळं गायब. अल्कोहोल पातळ करायचं राहून गेलं होतं. कोणाकडून, ते महत्त्वाचं नाही. मॅडम म्हणाल्या, मग यात पानाचं काम काय?

१८ मार्च
झोप नाही. आता मुळं बघावीत का? साल? दादाला तूर्त काही बोलायचं नाही. भीती वाटतेय. खूप.

१९ मार्च, गुरुवार
लॅबमध्ये काही काम नव्हतं, म्हणून गेलो. दादा ड्रिप लावून बसलेला. निम्मा झालाय. गार पेल्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात त्याला, म्हणून पेला मी धरला. न राहवून सांगितलं, प्रयोग फसला. दादा म्हणाला, बरं झालं, नाहीतर आजही आला नसतास.
प्रयोगात सुधारणा चालू आहे, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. त्याला पाणी पाजलं.