बुगडीची नऊ पिल्लं

पावस,
१७ मे

प्रिय काशी,

वाडीतला नितेश उद्या आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला निघतोय. त्यातली एक पेटी तुझी आहे आणि हे पत्र तिच्यात वरच, पेंढ्यावर ठेवलं आहे. पेटी तुझ्या संदेशनं फोडली तरी चालेल, पत्र मात्र तूच उघड. तुला जोडाक्षरं अडतात म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. रोज फोनवर बोलतो आणि हे मधेच पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू हसतेस, मग मीही हसते, आणि सांगायचं ते राहून जातं. तीन महिने झाले, राहतंच आहे. तुझ्या बुगडी कोंबडीचा वंश तू माझ्या भरवशावर टाकून गेलीस आणि मी त्याचं काय केलं, हे तू शुक्रवारी घरी पोचायच्या आत तुला कळायला हवं.

आधी मळ्याचं सांगते, म्हणजे मला जरा धीर येईल. तुझ्या बाजूचे तीन वाफे आणि माझ्या बाजूचे चार, सगळ्यांना पाणी मीच लावते. विहीर खाली गेली आहे. पंप पंधरा मिनिटांत धापा टाकतो, म्हणून सकाळी तुझी पाळी आणि संध्याकाळी माझी. लाल माठ दोनदा खुडून झाला. वालीच्या शेंगा इतक्या आल्या की आप्पा ताटावर बसतानाच विचारतात, आज तरी दुसरं काही आहे का? पडवळ वाकडं वाढायला लागलं तेव्हा तू बांधतेस तसा मीही त्याच्या टोकाला दगड बांधला. तो जड झाला आणि पडवळच तुटून खाली आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शाळंत पोरांना पन असाच दगड बांधायचात काय, वैनी?" वांगी मात्र अशी लागली आहेत की झाडांना काठ्यांचा टेकू द्यावा लागला. त्याचं श्रेय मी घेत नाही. ते सगळं कोंबडीखताचं आहे.

हे मी लिहिते आहे, यावर माझाच विश्वास बसत नाही. पंचवीस वर्षं तुझ्या कोंबड्यांशी भांडले मी. माठाचं रोप दोन पानांवर आलं की तुझी फौज आपल्यामधला दगडी गडगा ओलांडून हजर. दर दिवाळीनंतर मी गडी लावून गडग्यावर चिऱ्यांचा आणखी एक थर चढवायचे, आणि तुझ्या कोंबड्या त्या नव्या थरावर बसून माझ्या वाफ्यांकडे बघायच्या. एका वर्षी तर आपण होळीपासून गणपतीपर्यंत एकमेकींशी बोललो नव्हतो. आठवतं? मग आमच्या यज्ञेशचे बाबा गेले, आणि पहिल्या दिवशी आमच्या चुलीवर चहाचं आधण ठेवायला गडगा चढून तूच आलीस. त्या दिवशीही मी तुझे आभार मानले नाहीत. तेवढं सुचलंच नाही.

मार्गशीर्षात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि आठ दिवसांत तुझं खुराडं रिकामं झालं. अठरा कोंबड्या गेल्या. उरली एक बुगडी आणि तो लाल कोंबडा. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून येताना तुझ्या आईनं मंडणगडहून तुझ्याबरोबर एसटीत पाठवलेली ती कवड्या रंगाची कोंबडी, तिच्या वंशातली ही शेवटची. त्यातच तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तपासण्यांसाठी दीड महिना आधीच मुंबईला संदेशकडे जायचं झालं. तू बुगडीला पदराखाली घेऊन माझ्या पडवीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "वैनी, कोनाकडंही ठेवली तर शिमग्याला रश्श्यात जाईल. तुमच्याकडं सुरीच नाय." अख्ख्या वाडीत आमचं एकच घर न खाणारं, म्हणून तुझ्या कोंबडीला तेच सुरक्षित! मी हसले होते, पण आत कुठेतरी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. चौतीस वर्षं शाळेत नोकरी केली. एवढ्या विश्वासानं कुणी काही हातात दिलं नव्हतं.

आप्पांची मला भीती होती. सासरे एक्याण्णव वर्षांचे, अजून सोवळ्यात पूजा करणारे, आणि पडवीत कोंबडी. पण त्यांनी बुगडीकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पाहुणी आहे, राहू दे. पण तिचं जे काय घरात येईल ते धुऊन घे." आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. बाजारातून आणलेली केळीसुद्धा मी धुऊन ठेवते. बुगडीनं अकरा अंडी घातली. मी ती कोमट पाण्यात, रिठ्यानं, एकेक करून धुतली, यज्ञेशच्या बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली, आणि डाल्यात पेंढ्यावर मांडून उबवायला खुडूक झालेल्या बुगडीला वर बसवलं. अंडी इतकी सुंदर दिसत होती की मी आप्पांना बघायला बोलावलं.

एकवीस दिवस ती हलली नाही. बावीस, तेवीस. चोविसाव्या दिवशी वास यायला लागला. अकराच्या अकरा नासली होती, काशी. मी ती माडाच्या बुंध्याशी पुरली आणि तिथेच बसून राहिले. बुगडी दोन दिवस रिकाम्या डाल्यात जाऊन बसत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

अंडी पुरली त्याच संध्याकाळी संदेशचा फोन आला. तुझं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. त्यानं फोन तुझ्या कानाला लावला, आणि तुझा तो खोल गेलेला आवाज आला, "निगाली काय पिल्लां?" मी म्हटलं, नऊ. नऊ निघाली. तोंडातून गेलं ते गेलं. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या आणि इथे एका दमात नऊ पिल्लं जन्माला घातली.

मग ती नऊ पिल्लं वाढवावी लागली. तू त्यांचे रंग विचारायचीस, मी सांगायचे. तू एकीचं नाव ठुशी ठेवलंस, तिला मी खोडकर केलं. आठवड्याभरानं संदेश रडकुंडीला येऊन म्हणाला की आई पाय खाली ठेवायलाच तयार नाही, व्यायामाच्या बाई आल्या की तोंड भिंतीकडे करते. त्या दिवशी मी तुला सांगितलं की ठुशी आज पडवीच्या दोन पायऱ्या चढली. दुसऱ्या दिवशी तू पलंगावरून उतरलीस. मी सांगितलं, सगळी चढली. तू जिन्याच्या चार पायऱ्या चढलीस. आता मी खरं कुठल्या तोंडानं सांगणार होते?

मार्चमध्ये एकदा तू मळ्याचं विचारता विचारता मधेच म्हणालीस, "आमच्या सागरच्या सासूनं अंडी धुऊन बसवलान, सगळी फुकट गेली. पान्याचा हात लावायचा नस्तो, राखेत ठेवायची." मी फोन ठेवला. म्हणजे चूक माझ्या हातांची होती. पाडव्याच्या सुमारास बुगडी परत अंडी घालायला लागली. या वेळी मी अंडं उचलताना पदरानं धरत होते, पाण्याच्या तांब्याजवळसुद्धा नेत नव्हते. आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राखेत ठेवलं की शुद्धच." अकरा अंडी जमली, आणि चार-पाच एप्रिलला रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्यांनी कोंबडा मारला. मी काठी घेऊन धावले, पण पोचेपर्यंत संपलं होतं. आता हीच शेवटची अंडी. ही नासली असती तर तुझ्या आईची कोंबडी या जगातून गेली असती, आणि ती माझ्या हातून.

मी जेवढं येतं तेवढं सगळं केलं. वळीव गडगडला तर अंडी नासतात म्हणून तू डाल्यात लोखंडाचा तुकडा ठेवायचीस, मी आप्पांचा जुना अडकित्ता ठेवला. सातव्या दिवशी अंडी बॅटरीच्या उजेडात धरली तर आत लाल शिरा दिसल्या, आणि मी लहान मुलीसारखी ओरडले. सत्तावीस एप्रिलला सकाळी तुझा फोन चालू असतानाच पहिलं कवच फुटलं. दुपारपर्यंत सात झाली. एक घारीनं नेलं. सहा आहेत, त्यांतल्या दोघांचे तुरे जरा लाल दिसतात, म्हणजे कोंबडेही असावेत. आप्पा सकाळी पूजा उरकली की खुर्ची टाकून त्यांच्यावर पहारा करतात आणि कावळ्यांना शिव्या देतात.

तर हे पत्र कबुलीचं होणार होतं. तू शुक्रवारी येशील, तीन महिन्यांच्या वाढलेल्या तलंगा बघायला जाशील आणि समोर तीन आठवड्यांची पिल्लं असतील, म्हणून आधीच सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. पण काल संदेशनं गाडीची वेळ कळवायला फोन केला आणि सहज बोलून गेला, "आई शेजाऱ्यांना सांगत होती, पिल्लां आता कुठं तीन आठवड्यांची झाली, त्यांना बघायला जातंय." फोन ठेवल्यावर मी बोटांवर दिवस मोजून पाहिले. तू ज्या दिवशी पहिल्यांदा फोनवर चिवचिव ऐकलीस त्या दिवसापासून मोजते आहेस. परसात नऊ पिल्लं असताना माझ्या फोनमागे दोन महिने एवढी शांतता, हे तुझ्या कानाला कळणार नाही तर कुणाला कळणार? सागरच्या सासूनं जन्मात कोंबडी पाळलेली नाही, हेही मला कालच आठवलं. तुला सगळं माहीत होतं. तुझ्या आईच्या कोंबडीच्या वंशाची अकरा अंडी मी नासवली हे ओळखूनही तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. उलट माझी लाज राखून मला शिकवलंस. आणि काशी, नसलेल्या पिल्लांसाठी तू त्या जिन्याच्या पायऱ्या चढलीस, मला बरं वाटावं म्हणून. एवढी माया मला आजवर फार थोड्यांनी दिली. तुझ्यासमोर हे बोलायला गेले तर रडेन आणि तू मला चिडवशील, म्हणून आधी लिहून पाठवते आहे: मी तुझी फार फार ऋणी आहे. पिल्लांतल्या त्या कवड्या रंगाच्या पिल्लाचं नाव ठुशीच ठेवलं आहे. आणि हो, गडी बोलावून गडग्याचे वरचे सगळे थर उतरवून घेतले. आता तो गुडघ्याच्याही खाली आहे. तुला पाय उचलून सहज इकडे येता येईल.

तुझीच,
हेमावैनी