पिवळ्या गाडीचा हार

सोमवार, संध्याकाळ. उमरखेड

आपल्या शोरूमवर पडून राह्यलेली ती पिवळी मोटारसायकल आज विकली. म्हणजे विकली असं कंपनीले दाखवलं. आपल्या इकडे वावरात जाले लोक साधी काळी गाडी मागतात. मी काळ्याच मागून राह्यलो, कंपनी पिवळ्या पाठवते. वरून त्यांच्या मॅनेजरचा सकाळीच फोन. "शेठ, महिना संपला. आज डिलिव्हरीचा फोटो पायजेच."

गिऱ्हाईक कुठून आणू? शेवटी बायकोच्या नावावर गाडी काढली. सुमनले शोरूमवर बोलावलं, गाडीले हार घातला, तिच्या हाती पुठ्ठ्याची मोठी चाबी दिली. तिले सायकलबी येत नाही.

"हासू काय?" तिनं विचारलं.

हास म्हटलं. ती खरंच हासली. तेच डोक्यातून जाऊन नाही राह्यलं.

फोटो पाहून मॅनेजर खूश. म्हणे, "तुमच्याकडे पिवळी चालून राह्यली, आता ट्रकभर पिवळ्याच पाठवतो."

खरं सांगाचं सोडून मी सुमनसमोरच फोन ठेवला.

घरी आल्यावर सुमननं तो हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. कायले म्हटलं, तर म्हणे, "ट्रक येऊन राह्यला ना. पुढच्या फोटोत सासूबाईले उभं करू."

यावेळी ती हासली नाही.