जोडीच्या स्लीपिंग बॅगा

कॅप्टनसाहेब,

तंबू गॅलरीत वाळत घातलाय, संध्याकाळी घडी करून ठेव. नेहमीसारखा ओलाच गुंडाळून आणलास. लाइफ जॅकेट बाथरूममध्ये टांगलंय.

"एकटाच कयाक घेऊन चाललोय, जमीन गार लागते, तुझी स्लीपिंग बॅग खाली अंथरायला नेतो," म्हणाला होतास. आज धुवायला काढल्या, तर दोन्ही बॅगा चेनने एकमेकींना जोडलेल्या निघाल्या. घेतानाच मी मुद्दाम जोडीच्या बघून घेतल्या होत्या. पण जोडून झोपलं की तुला उकडतं, म्हणून अकरा वर्षांत मी एकदाही ती चेन लावली नाही.

मी ताईकडे चाललेय. न्यायला येऊ नकोस. बॅगा होत्या तशाच जोडलेल्या पलंगावर ठेवल्यात.

उकडलं तर पंखा लाव.